चाकणला तीन वर्षं: लाइनवर उभं राहून केलेली डिग्री

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. दादा तू ते चाकणला गाड्यांच्या कंपनीत राहून डिग्री केली ना, कसंय ते, आमच्या पोराला पाठवू का. आता फोनवर पाच मिनिटांत काय सांगणार, खरं सांगितलं तर पोरगं येणार नाही आणि गोड गोड सांगितलं तर आल्यावर मला शिव्या घालणार. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं.

मी परभणी जिल्ह्यातला, जिंतूर तालुका. बारावी सायन्सला ६१ टक्के, सीईटीत काही उजेड पडला नाही. खाजगी कॉलेजची इंजिनिअरिंगची फी ऐकून वडील नुसते गप्प बसले, त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं. आदल्या वर्षी, म्हणजे २०२१ ला, सोयाबीन पाण्यात गेलेलं, त्यामुळं विचारायची पण सोय नव्हती. तेवढ्यात तालुक्याला एक भरती मेळावा लागला, त्यात बोर्ड होता 'कमवा आणि शिका, बी.व्होक. डिग्री, स्टायपेंड, कॅन्टीन, बस'. मला खरं तर स्टायपेंड एवढंच दिसलं, बाकीचं नंतर वाचलं.

निवड तशी अवघड नाही. पन्नास मार्कांचा पेपर, निम्मं गणित, थोडं फिजिक्स. मग मेडिकल, त्यात उंची वजन झालं की एक पुस्तक पुढं धरतात, रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा ओळखायचा. दोन पोरं तिथंच गळाली, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपल्याला लाल हिरवं वेगळं दिसत नाही. तेव्हा वाटलं काय हा प्रकार, नंतर गाड्या जोडतात त्या लाइनवर वायरींचे रंग बघितले तेव्हा समजलं कशासाठी होतं ते.

माझं खरं अडलं ते कागदावर. आधारवर वडलांच्या नावापुढं 'राव' लागलेला, बारावीच्या मार्कशीटवर बिनरावाचं नाव. अप्रेंटिसशिपचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचा, करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि पोर्टलला काय माहीत की आमच्याकडं प्रत्येकाच्याच नावापुढं राव लावतात. त्या एका रावापायी तीन आठवडे गेले, आधार केंद्र, परत तहसील, परत आधार केंद्र. बॅचची पोरं जॉइन होऊन गेली आणि मी जिंतूरच्या स्टँडवर झेरॉक्स घेऊन.

जॉइन झालो त्या दिवशी एचआरच्या मॅडमनी करार वाचून दाखवला, तो मी नीट ऐकला नाही, कुणीच ऐकला नाही, सगळ्यांचं लक्ष बुटांकडं होतं, नवे सेफ्टी शूज वाटत होते. नंतर वर्षभरानं तो कागद काढून वाचला. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, त्याच्या कलम १८ मध्ये सरळ लिहिलंय की अप्रेंटिस हा शिकणारा आहे, कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. आणि कलम २२ चा अर्थ असा की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर शिकून झाल्यावर कंपनीनं तुम्हाला नोकरी द्यायलाच पाहिजे असं काही नाही. म्हणजे पीएफ नाही, परमनंटची आशा ठेवायची असेल तर ती तुमच्या हिमतीवर. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण मेळाव्यातल्या स्टॉलवर हे कुणी सांगत नाही आणि घरचे तीन वर्षं हेच विचारत राहतात, पोरगा परमनंट कधी होणार.

डिग्रीचं पण सांगतो, त्यात लय गैरसमज आहेत. बी.व्होक., म्हणजे बॅचलर ऑफ व्होकेशन, ही बी.ई. नव्हे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांवरच्या केंद्राच्या आयोगानं, २०१४ मध्ये हा प्रकार आणला, तीन वर्षांची पदवी, १८० क्रेडिट, त्यातले साधारण ६० टक्के कामाच्या कौशल्याचे आणि ४० टक्के वर्गातल्या विषयांचे. आमच्या वेळी एका वर्षानंतर सोडलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स डिप्लोमा, तीन पूर्ण केली तर डिग्री. हे बाहेर पडायचे दरवाजे कामाचे आहेत, आमच्यातली नऊ जण पहिल्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन गेली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या वडलांना शेतात माणूस पाहिजे होता. ही पदवी असल्यामुळं जिथं फक्त 'कुठल्याही शाखेचा पदवीधर' मागतात तिथं चालते, माझा एक रूममेट आता एमपीएससीच्या नादात सदाशिव पेठेत आहे. पण 'मी इंजिनिअर आहे' असं सोयरिकीत सांगत असाल तर तुमचं तुम्ही बघा.

पैसे. सुरुवातीला हातात १२,८०० यायचे. २०१९ च्या नियमांत डिग्री अप्रेंटिसला महिन्याला किमान ९,००० ठरलेले होते, कंपनी त्याच्या वर देत होती, त्यात जास्तीत जास्त १,५०० सरकारचे. खराबवाडीला एका खोलीत पाच जण, कॉटचे २,५००, मेसचे २,८००, पण मेस फक्त सुट्टीच्या दिवशी आणि रात्री, कारण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एक वेळचं जेवण नावाला पैसे कापून मिळायचं. महिन्याला चार हजार घरी पाठवायचो. पहिल्या महिन्यात मोबाइल घेतला ते सोडून.

पहिले तीन आठवडे लाइनवर पाठवत नाहीत, 'डोजो'त ठेवतात. जपानी शब्द आहे, कराटेचा आखाडा असतो ना तो. एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, त्याच्यावर लाकडी बोर्डला शंभर बोल्ट, ते डाव्या हातानं मुठीत पाच पाच घेऊन एकेक करून लावायचे, घड्याळ लावून. हसू येतं आधी. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं कातडं सोललं की हसू जातं. टॉर्क म्हणजे पिळायचा जोर, तो ठरलेला लागला की सांगणारा पाना म्हणजे टॉर्क रेंच, ती ओढायला शिकवतात, 'कट्' असा आवाज आला की थांबायचं, पोरं जोर दाखवायला अजून ओढतात आणि शिव्या खातात. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी, कमरेचा धातूचा बक्कल सगळं बंद, गाडीला ओरखडा पडतो म्हणून. माझा हातातला गंडा कापायला लावला तेव्हा आईला फोन करून विचारलं होतं.

मग ट्रिम लाइन, म्हणजे गाडीच्या आतलं सामान बसवतात ती. रंगवलेली मोकळी बॉडी पेंट शॉपमधून येते, तिचे दरवाजे काढून दुसऱ्या लाइनवर पाठवतात, म्हणजे आत वाकून काम करता येतं, आणि शेवटी त्याच गाडीला तेच दरवाजे परत भेटतात. तिथं गाडीला कुणी गाडी म्हणत नाही, 'जॉब' म्हणतात. आमच्याकडं १०० सेकंदाला एक जॉब, म्हणजे तासाला ३६, शिफ्टला २७० च्या आसपास. माझं पहिलं स्टेशन हार्नेसचं. वायरिंगचा एवढा मोठा गुंडाळा आत टाकायचा, आणि इंजिनच्या बाजूला जाणारी वायर जिथून पत्र्याच्या पडद्यातून पलीकडं जाते तिथं रबराचा ग्रोमेट बसवायचा. ऐकायला काही नाही. पण तो ग्रोमेट भोकापेक्षा मोठा असतो, मुद्दाम, पाणी येऊ नये म्हणून, आणि तो अंगठ्यानं दाबून फिरवत फिरवत बसवायचा, २७० वेळा. पहिल्या आठवड्यात रात्री पोळी तोडता येत नव्हती. रूमवरचा जळगावचा पोरगा म्हणला, अरे तू कोरडा लावतोस का, साबणाचं पाणी असतंय ना डाव्या बाजूला बाटलीत. ती बाटली होती, माझ्या स्टेशनवर होती, सूचनांच्या कागदावर फोटोसकट छापलेली होती, आणि मी आठ दिवस ती बघत होतो.

(नीट बसला नाही तर काय होतं ते पुढं शॉवर टेस्टला दिसलं. तयार गाडी एका बोगद्यात घालतात, चारी बाजूंनी पाण्याचा मारा, आणि मग आत हात घालून कार्पेट दाबून बघतात. ओलं लागलं की गाडीच्या नंबरावरून कुठल्या शिफ्टला कुणी लावलं ते निघतं. माझ्या नावावर चार निघाल्या.)

लाइनवरचं सगळ्यात बघण्यासारखं ठिकाण म्हणजे मॅरेज. वरून बॉडी येते, खालून इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन असलेली ट्रॉली येते, आणि दोन्ही एकमेकांत बसतात. गाड्यांच्या कारखान्यांत याला मॅरेजच म्हणतात. आमचा टीम लीडर रोज म्हणायचा, चला रे, तिथी नाही मुहूर्त नाही, आज पण पावणेतीनशे लावायचीत.

दुसऱ्या वर्षी दीड महिना पेंट शॉपला होतो. तिथं आत जायच्या आधी विचारतात डिओ मारलाय का, केसांना काय लावलंय. मी मराठवाड्यातला माणूस, आईनं डब्यात खोबरेल दिलेलं, चांगलं चोपडून गेलो तर दारातूनच परत. कारण असं की डिओ, क्रीम यातलं सिलिकॉन किंवा तेलाचा बारीक कण ओल्या रंगावर पडला की रंग तिथून बाजूला सरकतो आणि वाटीसारखा खड्डा पडतो, त्याला क्रेटर म्हणतात. अख्खं बॉनेट परत घासावं लागतं. रंगाआधी बॉडीवरची धूळ काढायला शहामृगाच्या पिसांचे मोठे रोलर फिरतात, हे मी घरी सांगितलं तर बहीण म्हणली काहीही फेकू नको. आणि सगळे थर मिळून, म्हणजे पहिला बुडवून दिलेला ईडी कोट, प्रायमर, रंग, वरचा क्लिअर, जाडी किती तर १०० ते १२० मायक्रॉन, दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढे होतील तेवढी. एवढ्यावर गाडी गंजायची थांबते.

आता अभ्यासाचं. वर्ग कंपनीच्याच आवारात, ट्रेनिंगच्या इमारतीत, आठवड्यातून तीन दिवस शिफ्टनंतर दोन तास आणि एक आड एक रविवार पूर्ण. फर्स्ट शिफ्ट असेल तर साडेतीनला वर्ग, निदान डोळे उघडे असतात. थर्ड शिफ्टला सकाळी साडेसहाला सुटायचं, सातला वर्ग, आणि समोर फळ्यावर बर्नुलीचं समीकरण. मी उभ्यानं झोपायला चाकणलाच शिकलो. नऊला सुटून खोलीवर जायचं तर तळेगाव चौकात गाड्यांची ही रांग, कंटेनर, कांद्याचे ट्रक, कंपन्यांच्या बसा, एकाच सिग्नलला अर्धा तास, बसमध्ये सगळ्यांच्या माना एका बाजूला कललेल्या. सेमिस्टरच्या परीक्षा नेमक्या दिवाळीआधी, जेव्हा गाड्यांची मागणी सगळ्यात जास्त, आणि लाइनवर माणूस कमी करायला सुपरवायझर तयार नाही. कागदावर परीक्षेला सुट्टी आहे. ती मागायला आम्ही सहा जण केबिनमध्ये गेलो तेव्हा साहेब म्हणले, तुम्ही इथं शिकायला आलात का कामाला? त्यातला एक नांदेडचा बोलून गेला, साहेब करारात तर शिकायला लिहिलंय. शांतता. सुट्टी मिळाली, पण त्या पोराला पुढचा महिनाभर सगळ्यात वाकायचं स्टेशन मिळालं.

मास्तर लोकांमध्ये एक सर होते, भोसरीच्या टूल रूममध्ये आयुष्य गेलेले, रिटायर होऊन शिकवायला यायचे. बाकीचे स्लाइड वाचायचे, हे सर खिशातून बोल्ट काढायचे. एका रविवारी त्यांनी विचारलं, तुम्ही रेंचनं शंभर रुपयांचा जोर लावला, त्यातला बोल्ट आवळायला किती जातो? कुणी म्हणलं शंभर, कुणी ऐंशी. सर म्हणले दहा. पन्नास रुपये बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, उरलेले दहा खरं काम करतात. तर मग रेंच 'कट्' वाजली म्हणजे काय कळलं? फक्त एवढंच कळलं की तुम्ही शंभर खर्च केले. कशावर खर्च झाले ते रेंचला माहीत नाही. तेव्हा मला ते आवडलं, वहीत लिहिलं, आणि विसरलो.

तिसऱ्या वर्षी मी सीट बेल्टच्या स्टेशनला होतो. हा बोल्ट वेगळाच प्राणी आहे, अख्ख्या गाडीत सगळं मिलिमीटरमध्ये आणि सीट बेल्टचा तेवढा इंचात, सात सोळांश इंच, इंचाला वीस आटे, बहुतेक ठिकाणी तोच चालत आलाय. इलेक्ट्रिक गन असते, ती टॉर्क बघते आणि बोल्ट किती अंश फिरला तेही बघते. दोन्ही बरोबर तर हिरवा दिवा, नाहीतर लाल, आणि लाल असेल तर जॉब पुढं सोडायचा नाही. एका सेकंड शिफ्टला, साडेनऊच्या सुमारास, लाल आला. टॉर्क बरोबर, अंश कमी. अशा वेळी सगळे काय करतात ते मी पण केलं, गन उलटी फिरवून बोल्ट मागं घेतला आणि परत मारला. हिरवा. पुढच्या तीन जॉबनंतर परत लाल. परत उलटा, परत हिरवा. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी बोल्ट पूर्ण बाहेर आला आणि हातात घेतला तर आट्यांमध्ये करडी पूड आणि एक बारीक चकचकीत दाणा.

तेव्हा सरांचे शंभर रुपये आठवले. आट्यांमध्ये काहीतरी अडकलंय, तिथं चाळीसच्या जागी पन्नास खर्च होतायत, म्हणजे आवळायला काहीच उरत नाही, टॉर्क मात्र पूर्ण दाखवतंय, म्हणून अंश कमी. आणि मी जो दोनदा मारून हिरवा करत होतो त्यात नुसते आटे घासले जात होते. हा बोल्ट अपघातात माणूस धरून ठेवणारा आहे. पोटात गोळा आला, खरंच.

मी अँडनची दोरी ओढली. दोरी ओढली की एक ट्यून वाजते, वर बोर्डवर तुमच्या स्टेशनचा नंबर पेटतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. लाइन थांबली. तुम्ही कधी चालू लाइन थांबलेली ऐकली नसेल, एकदम एवढी शांतता होते की वरचे पंखे ऐकू येतात. टीम लीडर पळत आला, म्हणला दोनदा मार ना, होतंय की. मी बोल्ट दाखवला. क्वालिटीचे साहेब आले, बॅटरी मारून आत बघितलं. वेल्ड शॉपमध्ये बॉडीला जो नट वेल्ड करतात त्याच्या आट्यांवर ठिणगीचा दाणा पडला होता आणि वरून ईडी कोट बसलेला. लाइन चार मिनिटं बंद. पुढच्या बॉड्या तपासल्या तर अकरामध्ये निघालं, आटे परत साफ केले, वेल्ड शॉपला फोन गेले.

आता इथं तुम्हाला वाटेल माझा सत्कार झाला. झाला, महिन्याच्या मीटिंगला एक मग आणि टाळ्या. पण त्याआधी त्या रात्री क्वालिटीच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, आधीच्या सहा गाड्यांचं काय? मी खरं सांगितलं. त्या सहाही गाड्या यार्डातून शोधून आणल्या, रात्री एक वाजेपर्यंत मी त्यांच्यासोबत मागच्या सीट काढून बोल्ट काढत बसलो होतो, शेवटची बस गेली, साहेबांनी त्यांच्या गाडीतून खराबवाडीला सोडलं. रस्त्यात बोलले नाहीत काही. उतरताना म्हणले, हे तुला कुठं शिकवलं, वर्गात का? मी हो म्हणलं. ते म्हणले, मग वर्ग चुकवत जाऊ नको, मी सांगतो तुझ्या सुपरवायझरला. त्यांनी सांगितलं पण. शेवटच्या सेमिस्टरला मला एकही वर्ग बुडवावा लागला नाही.

माझं प्रोजेक्ट पण त्याच्यावरच झालं, टॉर्क आणि अंश यांचे तीन महिन्यांचे आकडे घेऊन कुठल्या आठवड्यात लाल जास्त येतो ते मांडलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं सॉफ्टवेअर कुठलं वापरलं, मी म्हणलं एक्सेल, ते जरा नाराज दिसले.

तीन वर्षं संपली २०२५ ला. सुरुवातीला आम्ही चौसष्ट, शेवटी अडतीस. त्याच कंपनीनं सात जणांना घेतलं, त्यात मी नव्हतो. कुणाला का घेतलं याचं गणित मला आजतागायत कळलेलं नाही, आणि आठ दिवस मी कुणाशी बोललो नाही हे पण खरंय. मग रांजणगावला एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत लागलो, हातात २३,००० येतात. मुलाखतीत त्यांनी टॉर्क आणि अंशाचंच विचारलं, मी शंभर रुपयांचं सांगितलं, समोरचे हसले.

म्हणून फोन करणाऱ्यांनो, पोराला पाठवायचं तर पाठवा, पण आधी एवढं विचारा: डिग्री कुठल्या विद्यापीठाची आहे आणि ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, वर्ग खरंच होतात का नुसती सही घेतात, मागच्या बॅचचं एखादं पोरगं गाठून त्याच्या हातात मार्कशीट आलीय का ते बघा, एकाच स्टेशनला तीन वर्षं उभं करतात की शॉप बदलून देतात, आणि करार पोर्टलवर नोंदवलाय का तो नंबर मागा. मी अशी पण पोरं बघितलीत जी शिकाऊ म्हणून दोन वर्षं राबली आणि त्यांचा करार कुठंच नव्हता. आणि साबणाच्या पाण्याची बाटली असते, ती वापरा.

माझी स्वतःची मार्कशीट परवा आली, सात महिन्यांनी. पाकीट उघडून आधी टक्के बघितले, मग नाव. वडलांच्या नावापुढं राव परत आलाय. दुरुस्तीच्या अर्जाला स्वतः यावं लागेल म्हणतात, वार बुधवार ते शुक्रवार, अकरा ते दोन, आणि आमच्याकडं या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे, रजा कोण देतंय.